पहिली वीस मिनिटं

"दादा, हात लावून बघ. अजून गरम आहे."

धाकट्या भावाचा, एकोणीस वर्षांपूर्वीचा आवाज. बाकावरचा कॅमशाफ्ट चिंधीने पुसता पुसता तो मिस्त्रींच्या कानाशी आला, आणि चटका बसावा तसं त्यांनी बोट मागे घेतलं. दांडा थंडगार होता. कालच इंजिनातून काढलेला, पुष्कळ वर्षं फिरून झिजलेला, कंपनीचा. तापायचं त्याला काही कारणच नव्हतं.

"पुसून पुसून सालटं काढाल त्याचं," बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून लेक म्हणाली.

तिच्या हातात मायक्रोमीटर होता. हातभर लांबीच्या त्या दांड्यावर आठ उंचवटे होते, अंड्याच्या निमुळत्या टोकासारखे, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. दांडा फिरतो, उंचवटे फिरतात, एकेक उंचवटा आपापला व्हॉल्व्ह ढकलतो. इंजिनाने श्वास कधी घ्यायचा, किती घ्यायचा, कधी सोडायचा, हे सगळं त्या आठ अंड्यांच्या आकारात ठरलेलं असतं. लेकीने आठही मोजून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर आठ आकडे लिहिले होते.

"गेलाय हा. तिसरा आणि सहावा तर पार उतरलेत. नवा लागणार."

"मागवू की. कंपनीचा."

उत्तर जरा लवकरच आलं. लेकीने मान वर केली.

"कंपनीचाच का पण?"

हा प्रश्न या दुकानात कुणी विचारत नसे. पिस्टन बाहेरचे चालत, रिंगा बाहेरच्या चालत, कार्बुरेटर तर मिस्त्री स्वतः उकलून मनासारखा करत. कॅमशाफ्टची गोष्ट निघाली की मात्र ते भिंत होत. कंपनीचा मिळत नसेल तर काम परत. गिऱ्हाइकं त्याला शिस्त म्हणत आणि चार ठिकाणी सांगत.

"चालतो, टिकतो, तक्रार येत नाही," मिस्त्री म्हणाले. "अजून काय पाहिजे?"

"गाडी टेकडीवर चढायला पाहिजे." लेकीने पुठ्ठा उलटा केला. मागच्या बाजूला तिने रस्ता काढला होता, शिवणीच्या टाक्यासारखा वळत वळत वर जाणारा. "ही सात वळणं. प्रत्येक वळणाला इंजिन मंदावून खालच्या फेऱ्यांवर येणार. कंपनीचा घातला तर गाडी शहाण्यासारखी चालेल, पण वर निघताना धापा टाकेल. यादीतले बाहेरचे दोन मिळतायत, पण ते सपाट मैदानातल्या शर्यतीचे. वरच्या फेऱ्यांवर उधळतात, खाली दमच नाही. मला मधला हवाय. व्हॉल्व्हची उचल जरा जास्त, उघडा राहायचा वेळ बेताचा."

"मधला तयार मिळत नाही."

"करून घ्यायचा."

"कोण करून देतंय आता?"

"काका करायचे ना?"

चिंधी थांबली. मिस्त्रींनी ती झटकली, चौकोनी घडी घातली, घडीची पुन्हा घडी घातली आणि खिशात ठेवली.

"त्याने सोडलंय ते," ते म्हणाले.

"माहितीये. एकदा एक नरम निघाला म्हणून." लेक पुठ्ठ्याकडेच बघत होती. "एक चुकला, म्हणून माणूस जन्मभर चुकलेला राहतो का हो?"

तिने सहज विचारलं होतं. मिस्त्री मात्र पाने ठेवायच्या फळीकडे वळले आणि ओळीतच असलेले पाने पुन्हा ओळीत लावत राहिले.

*

गाडी बेकरीवाल्याची होती. दुपारी तो स्वतः आला, भुवयांवर पीठ, हातात गरम पावांची पिशवी. वर्षातून एकदा शहराबाहेरच्या टेकडीवर जुन्या गाड्यांची शर्यत होई. एकेक गाडी घड्याळ लावून वर सोडत. गेली सहा वर्षं हा त्यात भाग घेत होता आणि गेली सहा वर्षं कुणी ना कुणी त्याच्या पुढे जात होतं.

"मग? काय ठरलं?" उघड्या इंजिनात डोकावत त्याने विचारलं. "असं आतडं बाहेर काढलेलं बघवत नाही हो मला."

"कॅमशाफ्ट ठरायचाय," लेक म्हणाली. "कंपनीचा का बाहेरचा."

"मला त्यातलं काय कळतंय! मला एवढंच कळतं, की मागच्या साली तो औषधवाला माझ्या पुढे चार सेकंदांनी गेला. चार! तेव्हापासून दुकानात शिरलो की विचारतो, दम लागल्याचं औषध देऊ का? माझे पाव फुगतात, बाई, गाडीच तेवढी फुगत नाही."

लेक हसली. मग गंभीर झाली.

"या वेळी चार सेकंद मी काढून देते."

"बघा हं. हे काम तुमच्या नावावर घेतलंय, मिस्त्रींच्या नाही. वर पोचलो की पहिलं तुमचंच नाव घेणार. नाही पोचलो तरी तुमचंच घेणार."

तो हसत हसत गेला. लेक त्याच्यामागे दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली, अंगठ्याच्या नखाने दुसऱ्या नखाखालचं काळं काढत. लहानपणी परीक्षेच्या निकालाला निघताना ती अशीच उभी राहायची. मिस्त्रींना वाटलं, जवळ जावं, पाठीवर हात ठेवावा. ते जागचे हलले नाहीत.

"उद्या सकाळी काकांकडे जाते," ती रस्त्याकडे बघतच म्हणाली. "तुम्ही येता का? तुम्ही सांगितलंत तर ते नाही म्हणायचे नाहीत."

"येतो," मिस्त्री म्हणाले. म्हटल्यावर ते एकदम स्टुलावर बसले आणि बसायचंच होतं असं दाखवायला बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

*

एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवशीसुद्धा दुकान असंच उघडं होतं, आणि उन्हाची तिरीप बाकापर्यंत आली होती.

धाकट्याने तो दांडा गोणपाटात गुंडाळून आणला होता, तान्ह्या पोराला आणावं तसा, दोन्ही हातांवर आडवा. कोऱ्या लोखंडातून स्वतः कापलेला, स्वतः घासलेला, स्वतःच्या भट्टीत लाल केलेला. पाणी स्वतः दिलेलं. लालभडक लोखंड पाण्यात बुडवायचं, ते नेमक्या क्षणी, नेमक्या हाताने. मगच त्याची वरची कातडी कडक होते. धाकट्याच्या हाताला तो क्षण कळायचा. सबंध पेठेत तसा हात दुसरा नव्हता. मिस्त्री तेव्हा नुसते दादा होते, दुकान दोघांचं होतं, पाटीवर दोघांची नावं होती.

गाडी एका ठेकेदाराची. दुकानाचं अर्धं काम त्याच्याकडून यायचं. दोन दिवस भट्टीपाशी उभा राहून धाकट्याचे डोळे सुजले होते. इंजिन जुळवून झालं, तसा तो म्हणाला, "मी घरी जाऊन पडतो. तू चालू कर. पहिली वीस मिनिटं रेसवर ठेव, मग मला उठवायला ये. आवाज मला पण ऐकायचाय."

पहिली वीस मिनिटं. नव्या कॅमशाफ्टचं सगळं आयुष्य त्या वीस मिनिटांत ठरतं. दांडा नवा, त्यावर घासणारे टॅपेट नवे, दोघांची अजून ओळख व्हायची असते. इंजिन रेसवर, जोरात फिरत राहिलं तर खालून ऑइलचा शिपका उडतो, दोघंही त्यात न्हातात आणि एकमेकांना गुळगुळीत करतात. इंजिन मंद ठेवलं, स्लोवर, तर तेवढं ऑइल वर पोचत नाही. मग लोखंड लोखंडाला खातं. बाहेरून काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. उलट स्लोवरचं इंजिन कानाला गोड लागतं.

मिस्त्रींना हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांनीच ते धाकट्याला शिकवलं होतं.

इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. त्यांनी रेस धरली. चारेक मिनिटं झाली असतील, तेवढ्यात ठेकेदार आला, सोबत त्याचे दोन दोस्त. आवाज ऐकून शेजारचा लोहारही आला. सगळे गाडीभोवती उभे राहिले. ठेकेदार कानावर हात ठेवून ओरडला, "अहो, नुसतं बोंबलतंय! जरा शांत चालू द्या, ऐकू द्या तरी कसं झालंय ते!"

आणि मिस्त्रींनी रेस सोडली.

इंजिन खाली आलं. धक्-धक्, धक्-धक्, नव्या कॅमशाफ्टची ती थोडीशी लंगडी, डौलदार चाल. ठेकेदाराचा चेहरा खुलला. लोहाराने मान डोलावली. कुणीतरी म्हणालं, वा, मिस्त्री! त्या एका "वा"मध्ये मिस्त्री उभे राहिले. समोर भिंतीवर घड्याळ होतं, त्यांना ते दिसत होतं. आता चढवतो, आता चढवतो, असं मनात म्हणत सात मिनिटं गेली. मग त्यांनी रेस चढवली आणि उरलेला वेळ पुरा केला. धाकट्याला उठवायला गेले तेव्हा तो गाढ झोपला होता. त्याला हलवून ते म्हणाले, "झकास झालंय."

सतराव्या दिवशी गाडी ओढत परत आली. उघडून बघितलं तर पाचवा उंचवटा बटाट्यासारखा गोल झाला होता आणि लोखंडाचा बारीक चुरा सगळ्या इंजिनभर पसरला होता. धाकट्याने कानस घेतली, झिजलेल्या जागी लावली. कडक लोखंडावरून कानस घसरते. इथे ती रुतली. त्याचा चेहरा पांढरा झाला. वरची कडक कातडी एकदा निघून गेली की खालचं लोखंड कुणाचंही नरमच लागतं, हे त्याला कळायला हवं होतं. पण चूक आपलीच, असं धरून बसलेल्या माणसाला एवढी साधी गोष्ट सुचत नाही.

ठेकेदार दारात उभा राहून विचारत होता, "चूक कुणाची? मला एवढंच सांगा."

"पाणी कमी पडलं," मिस्त्री म्हणाले.

तीनच शब्द. धाकट्याने दादाकडे बघितलं नाही, वाद घातला नाही. कानस जागच्या जागी ठेवली. महिन्याभरात तो पुलापलीकडे गेला, पाटीवरचं आपलं नाव पुसायला स्वतःच शिडीवर चढला. अलीकडे दादा, पलीकडे धाकटा, मधून वाहतं पाणी. लग्नकार्याला भेटत, एकमेकांच्या पोराबाळांची चौकशी करत. कॅमशाफ्ट हा शब्द दोघांत पुन्हा निघाला नाही.

तेव्हापासून दुकानात एक रीत होती. कुठलंही नवं इंजिन पहिल्यांदा चालू करायचं, तर आधी शटर अर्धं खाली. आत परका माणूस नको, गिऱ्हाईकसुद्धा नको. वीस मिनिटं कुणी कुणाशी बोलायचं नाही. लेक याला बाबांचं मौनव्रत म्हणे. एकदा तिने शटरखालून वाकून आलेल्या बेकरीवाल्याला थांबवून घेतलं, तर मिस्त्री असे ओरडले की ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

*

सकाळी निघायच्या आधी मिस्त्रींनी स्पेअर पार्टवाल्याला फोन केला. कंपनीचा कॅमशाफ्ट एकच शिल्लक होता. ठेवून द्या, ते म्हणाले, दुपारपर्यंत कळवतो. लेक दारात उभी राहून ऐकत होती. तिने पुठ्ठा पिशवीत घातला.

पूल ओलांडताना ती भराभर चालत होती, मिस्त्री मागे पडत होते. कठड्याशी ते दोनदा थांबले. "दम लागला का?" तिने विचारलं. "नाही, पाणी बघतोय," ते म्हणाले. पाणी गढूळ होतं, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

धाकट्याची शेड गल्लीच्या टोकाला होती. आत सगळीकडे पाती: छापखान्यातली कागद कापायची लांब पाती, शिंप्यांच्या कात्र्या, खाटकाच्या सुऱ्या. आता तो धार लावायचं काम करत होता. दगडाचं चाक फिरत होतं, ठिणग्या त्याच्या हातावर पडत होत्या. दादाला बघून त्याने चाक बंद केलं. चाक थांबायला वेळ लागला.

"अगं बाई, आज सूर्य पुलाकडून उगवला की काय!" आतून काकू आली. "भावजी, तुम्ही? आणि तू गं, तुला काका एकदम आठवला? नाहीतर आमच्या कात्र्यांना कोण विचारतंय."

"काकू, मी काम घेऊन आलेय."

"काम नसतं तर आली नसतीस, हे कळलं. बसा, चहा टाकते. भावजी, त्या पात्यावर बसू नका, अर्धेच उठाल."

मिस्त्री दचकून बाजूला झाले. धाकटा हसला. हसताना तो अजून लहान दिसायचा, केस पांढरे झाले तरी.

लेकीने पुठ्ठा काढला. बेकरीवाल्याची गाडी, टेकडी, सात वळणं, सगळं तिने एका दमात सांगितलं. उचल किती, उघडा वेळ किती. धाकट्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला. पुठ्ठा हातात घेतला, उजेडाकडे धरला. त्याचा अंगठा हवेतच एका न दिसणाऱ्या उंचवट्यावरून फिरला, चढला, टोकाशी रेंगाळला, उतरला.

"उतार जरा सावकाश घे," तो म्हणाला. "इथे. नाहीतर व्हॉल्व्ह आपटून मिटेल. पण तू मांडलंस छान गं. कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. पुस्तकं वाचली, आणि जुने दांडे मोजले."

"छान मांडलंस."

आणि त्याने पुठ्ठा तिच्याकडे परत केला.

"मी नाही करत आता. कंपनीचाच घाल."

मिस्त्रींनी धरून ठेवलेला श्वास सोडला. तो इतका मोठा निघाला की त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं.

"काका, एकच करून द्या ना," लेक म्हणाली. "एक खराब निघाला होता, ठाऊक आहे मला. पण त्याला किती वर्षं झाली."

"खराब निघाला याचं काही नाही गं. होतं. का निघाला, ते कळलं नाही." धाकट्याने टेबलाचा खालचा कप्पा ओढला. कप्पा जड होता. आत लोखंडाचे तुकडे होते, बोटाएवढे, एकावर एक रचलेले, प्रत्येकावर खडूने तारीख. "हे बघ. आठ उंचवटे होते, सात कडक, एकच नरम. एकाच भट्टीतले, एकाच पाण्यातले. मला वाटलं, बुडवताना तिथे वाफेचा बुडबुडा अडकला असेल. मग बुडबुडे अडकवून बघितले. पाणी गरम घेतलं, गार घेतलं, मीठ घातलं. लोखंड तिरकं बुडवलं, उलटं बुडवलं. सगळे कडक निघाले. तसा नरमपणा मला मुद्दाम करूनसुद्धा आणता येत नाही."

"अजून करतात," कप घेऊन आलेली काकू म्हणाली. "सणासुदीला लोक फिरायला जातात, आमचे हे लोखंड बुडवतात. मी म्हटलं, एकदा मलाच बुडवून बघा, कडक निघते की नाही."

कुणी हसलं नाही, म्हणून तीच थोडी हसली आणि कप ठेवून दाराशी उभी राहिली.

"चूक सापडली असती तर परत केला असता," धाकटा म्हणाला. "जी सापडतच नाही, ती उद्या तुझ्या कामात निघणार नाही कशावरून? तुझं पहिलं नाव आहे हे. त्याला माझा डाग नको."

लेक त्या तुकड्यांकडे बघत होती. मग तिच्या भुवया जवळ आल्या. मिस्त्रींना ती ओढ माहीत होती: इंजिनात बिघाड शोधताना ती अशीच बघायची, एकेक शक्यता बाजूला काढत.

"काका, पहिली वीस मिनिटं दिली होती ना बरोबर? स्लोवर राहिलं असेल तरी असंच होतं. एखाद-दुसराच जातो."

चहाच्या कपावर साय धरू लागली होती. मिस्त्रींनी कप उचलला आणि न पिताच परत ठेवला.

"ते दादाने केलं होतं," धाकटा म्हणाला. त्याने दादाकडे बघितलंसुद्धा नाही, इतकं ते त्याला उघड होतं. "ते मी कधी तपासलंच नाही. भट्टी तपासली, पाणी तपासलं, लोखंड जिथून आणलं तिथे जाऊन आलो. त्या वीस मिनिटांत चूक असणं शक्यच नाही. मला ती वीस मिनिटं त्यानेच शिकवली."

"हो, मग प्रश्नच नाही," लेक म्हणाली. "आमच्याकडे तर शटर लावून बसतात." तिने पुठ्ठा दुमडून पिशवीत घातला. "ठीक आहे, काका. कंपनीचा घालू. चार सेकंद नाही निघाले तर दोन तरी निघतील."

"निघतील गं. वळणावर गिअर लवकर बदलायला सांग त्याला."

धाकट्याने कप्पा ढकलला. तो अडकला, त्याने गुडघा लावून आत सारला. आतले तुकडे एकमेकांवर आदळले, आणि मग सगळं शांत झालं. त्याने चष्मा पुन्हा कपाळावर चढवला आणि एक कात्री उचलली, तिची धार अंगठ्याने बघू लागला. त्याचा तोच अंगठा आता सरळ रेषेत चालला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

लेकीने फोन लावला.

"हां, मिस्त्रींच्या दुकानातून बोलतेय. सकाळी कॅमशाफ्ट ठेवायला सांगितला होता... हो, तोच. बांधायचा का? थांबा, विचारते." तिने फोनवर तळहात ठेवला. "बाबा, दुसरं एक गिऱ्हाईक समोर उभंय म्हणतात. हो म्हणू?"

नुसती मान हलवायची होती. वर-खाली, एकदा. मग चहा प्यायचा, काकूला बरं म्हणायचं, पूल ओलांडायचा. दुपारी शटर अर्धं खाली ओढायचं. धाकटा इथे कात्र्यांना धार लावत राहिला असता, सुटीच्या दिवशी लोखंड बुडवत राहिला असता, आणि प्रत्येक तुकडा कडक निघाला असता.

मिस्त्री उठले. उठताना त्यांनी हात पात्यावर टेकला. बोट कापलं, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

"नको म्हण," ते म्हणाले.

"अं?"

"नको म्हणून सांग. फोन ठेव."

लेकीने फोन कानाला लावला, काहीतरी पुटपुटली, ठेवला. काकू दाराची चौकट धरून पुढे आली. धाकट्याने कात्री खाली केली.

"दादा, बोट बघ. रक्त येतंय."

"येऊ दे." मिस्त्री त्याच्याकडे बघत होते. "ठेकेदार आला होता. म्हणाला, शांत चालू द्या, ऐकू द्या. माणसं जमली होती. मी रेस सोडली. सात मिनिटं स्लोवर ठेवलं. घड्याळ माझ्या समोर होतं."

धाकट्याचा अंगठा कात्रीच्या पात्यावर होता तिथेच थांबला.

"तुझं पाणी कमी पडलं नव्हतं," मिस्त्री म्हणाले. "आणि हे मला आज कळलेलं नाही. ठेकेदार दारात उभा होता ना, तेव्हासुद्धा मला माहीत होतं."